न्हाव्याच्या खोपटाचं लिंग कोणतं? (पतंजली, बृहन्नडा आणि भाचीचा गृहपाठ)

प्रुफवाली | रविवार, रात्री ९:५०

गेल्या आठवड्यात भाचीचा व्हिडिओ कॉल आला. ती एडिसनला, न्यू जर्सीत असते. वय १३, तोंड अखंड चालू. दर रविवारी मराठीच्या वर्गाला जाते. तिथं 'माझा मित्र किंवा मैत्रीण' यावर दहा ओळी लिहायला दिल्या होत्या. भाचीच्या शाळेत तिच्या शेजारी बसणारं एक मूल आहे, ते स्वतःला मुलगा म्हणवत नाही आणि मुलगीही म्हणवत नाही. इंग्रजीत सगळे त्याच्याबद्दल बोलताना 'दे' म्हणतात. भाचीनं आपलं डोकं चालवून लिहिलं, "ते छान चित्र काढतं. काल ते आमच्या घरी आलं आणि त्यानं दोन पुरणपोळ्या खाल्ल्या." बाईंनी 'काढतं' आणि 'आलं'खाली लाल रेघ ओढली आणि समासात लिहिलं, "ते काय, टेबल आहे का?"

भाचीचा प्रश्न साधा होता. "मावशी, हिंदीत दोनच आहेत, आपल्याकडे तीन. मग तिसरं ठेवलंय कुणासाठी?"

मी जन्मभर प्रुफं तपासली. 'तो ढेकर' की 'ती ढेकर' यावर लेखकांशी हमरीतुमरीवर आले आहे. पण याचं उत्तर पटकन सुचेना. 'ते आले' म्हणावं तर तो आदरार्थी पुरुष झाला, 'त्या आल्या' म्हणावं तर बाई झाली. अनेकवचनात गेलं तरी सुटका नाही.

फोन ठेवला आणि माळ्यावरून महाभाष्य, म्हणजे पाणिनीच्या व्याकरणावरचं पतंजलीचं भाष्य, काढलं. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांचं मराठी भाषांतर, वडिलांचं, कडा वाळवीनं कुरतडलेल्या. पाणिनीचं सूत्र आहे ४.१.३, 'स्त्रियाम्'. म्हणजे इथून पुढचे प्रत्यय स्त्रीलिंगात. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला पतंजली तिथं थांबतो आणि विचारतो, स्त्री म्हणजे काय? लोक कशावरून ठरवतात? मग शाळेत पाठ करून घ्यावा असा श्लोक येतो:

स्तनकेशवती स्त्री स्याल्लोमशः पुरुषः स्मृतः ।
उभयोरन्तरं यच्च तदभावे नपुंसकम् ॥

स्तन आणि केस असलेली ती स्त्री, अंगावर लव असलेला तो पुरुष, दोन्ही नसलेलं, दोहोंच्या मधलं ते नपुंसक. झालं, सुटला प्रश्न. पण पुढच्याच श्लोकात तो ही व्याख्या उभी चिरतो. म्हणतो, असं असेल तर भ्रूकुंसाला स्त्रीलिंगी प्रत्यय लावावा लागेल. भ्रूकुंस म्हणजे बाईच्या वेषात नाचणारा नट. त्याला तर दोन्ही आहेत! आणि 'खरकुटी' या शब्दाला पुल्लिंगी रूपं द्यावी लागतील. खरकुटी म्हणजे न्हाव्याचं खोपट. तिथं केसांचा खच पडलेला, म्हणजे 'लोमश', म्हणजे पुरुष! आणि खाटेला स्तन नाहीत तरी खट्वा स्त्रीलिंगी, झाडाला लव नाही तरी वृक्ष पुल्लिंगी, त्यांचं काय करायचं?

रात्री साडेअकराला एकटी हसत बसले होते.

शेवटी तो म्हणतो, लौकिक लिंग धरून वैयाकरणांचं भागायचं नाही, त्यांना आपला स्वतंत्र सिद्धान्त लागेल. आणि महाभाष्यात एक वाक्य पुन्हा पुन्हा येतं, 'लिङ्गमशिष्यं लोकाश्रयत्वाल्लिङ्गस्य'. लिंग शिकवून येत नाही, ते लोकांच्या बोलण्यावर अवलंबून. तीरासाठी तटः, तटी, तटम् अशी तिन्ही चालतात. बायकोसाठी भार्या स्त्रीलिंगी, दार पुल्लिंगी (तेही कायम अनेकवचनी), कलत्र नपुंसकलिंगी. एकच बायको, बरं का.

माझं म्हणणं एवढंच, की ज्यांचं कामच नियम बांधणं होतं, त्यांनी शरीराकडे बोट दाखवून बघितलं आणि ते बोट मागं घेतलं. स्मृतिकारांना हा संकोच झालेला दिसत नाही. जुन्या ग्रंथांत अशा माणसांबद्दल तुम्ही काय काय वाचलंय? कथा, कायदा, वैद्यक, काहीही चालेल. 'आमच्याकडे सगळं होतं' आणि 'आमच्याकडे काहीच नव्हतं' हे दोन प्रतिसाद मी मनातल्या मनात वाचले आहेत, ते टाकू नयेत.

जुना_खोडसाळ | रात्री १०:०४

आमच्याकडे सगळं होतं.

(पळतो.)

सुशीला_सातारा | रात्री १०:१५

खरकुटी! दंडवत घ्या. आमच्या गल्लीतल्या सलूनला आजपासून 'तो खरकुटा' म्हणणार.

भाचीला सांगा, आमची आजी आजोबांच्या तोंडून आयुष्यभर नपुंसकलिंगीच राहिली. "आमचं कुटुंब माहेरी गेलंय." कलत्राची सख्खी बहीणच ना ही? आणि 'बाईमाणूस' घ्या, "घरात ते एकटं बाईमाणूस". नुसता 'माणूस' तो, पण "आपलं माणूस" ते. जवळ आलं की नपुंसकलिंगी होतं वाटतं.

मालवणी_खाजा | रात्री १०:३१

हेच लिहायला आलो होतो. आमच्याकडे चेडवाक 'ता'च म्हणतत. तो इलो, ती इली, ता इला. मुलगी लग्नाची झाली तरी घरात 'ता'. गोव्यात गेलात तर 'तें चेडूं आयलें'. यात कोणाचा अपमान नाही, उलट माया आहे. परक्या बाईक कोण 'ता' म्हणूचो नाय.

एडिसनच्या बाईंक एकदा मालवणच्या एस्टीत बसवूक व्हया.

अंबाबाईची_लेक | रात्री १०:४०

आणि आम्ही कोल्हापूरच्या पोरी! "मी आलो, मी जेवलो, मी जातो." पुण्यात हॉस्टेलला पहिल्या दिवशी सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मला कळेचना काय चुकलं. मराठीत 'मी' म्हटल्यावर पुढच्या क्रियापदात आपण कोण ते सांगावंच लागतं, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्याआधी मी नुसता मी होतो.

तर्ककर्कश | रात्री ११:१२

लेख रंजक आहे, पण पायात गल्लत आहे. पतंजली *शब्दांच्या* लिंगाबद्दल बोलतोय, *माणसांच्या* नाही. भ्रूकुंस पुरुष आहे याबद्दल त्याला तिळमात्र शंका नाही. उलट ती शंका नाही म्हणूनच ते उदाहरण चालतं. 'बघा, तुमच्या व्याख्येनं हा पुरुषसुद्धा बाई ठरेल, म्हणून व्याख्या चूक', असा तो युक्तिवाद आहे. त्यातून 'शरीरावरून लिंग ठरत नाही' असं आधुनिक तात्पर्य काढणं म्हणजे पतंजलीच्या खांद्यावर आपली बंदूक.

प्रुफवाली | रात्री ११:३८

@तर्ककर्कश, मान्य, आणि नेमकं बोट ठेवलंत. भ्रूकुंसाबद्दल त्याला शंका नाही. ते वाक्य मी ढिलं लिहिलं.

पण दोन गोष्टी. एक, 'उभयोरन्तरं यच्च' हा तिसरा खण शब्दांसाठी केलेला नाही, तो 'लोक बघून काय ठरवतात' याचं वर्णन आहे. म्हणजे रस्त्यावर माणसं बघताना लोकांच्या डोक्यात तीन खण होते, हे तो गृहीत धरतो. अमरकोशात तर ते पोरांकडून पाठच करून घेत: 'तृतीयाप्रकृतिः शण्ढः क्लीबः पण्डो नपुंसकम्'. ही ओळ मनुष्यवर्गात आहे, व्याकरणात नाही. आणि त्याच कोशात शब्दाचं लिंग सांगताना 'क्लीबे' म्हणजे 'नपुंसकलिंगात' असं येतं. माणसाचा आणि शब्दाचा शब्द एकच. गल्लत माझ्याआधी दीड हजार वर्षं चालू आहे.

दोन, कामसूत्र. दुसऱ्या अधिकरणात सरळ वाक्य आहे, तृतीया प्रकृती दोन प्रकारची, स्त्रीरूपिणी आणि पुरुषरूपिणी. स्त्रीरूपिणी बाईचा वेष, बोलणं, लाजणं उचलते आणि गणिकेसारखी कमावते. पुरुषरूपिणी आपली इच्छा लपवून ठेवते आणि अंग रगडून देणाऱ्याचा, संवाहकाचा धंदा करते. आता गंमत बघा. ही पुरुषरूपिणी दिसायला चारचौघांसारखा पुरुष, तरी तिची सगळी विशेषणं स्त्रीलिंगी: प्रच्छन्नकामा, लिप्समाना. कारण? 'प्रकृति' हा शब्द स्त्रीलिंगी! व्याकरणानं माणसाला ओढत नेलं. वात्स्यायनानं तिथं लाल रेघ मारलेली नाही.

निवांत_नागपूरकर | सोमवार, सकाळी ७:५५

वाचतोय. चहा दुसरा.

भांडारकर_रोडवरचा | सोमवार, सकाळी ९:२०

धाग्याच्या शीर्षकात 'बृहन्नडा' बघून बरं वाटलं, नाहीतर सगळे बृहन्नला लिहितात. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत 'बृहन्नडा'च आहे. नड म्हणजे बोरू, वेत. थोरली वेताची काठी! उंच्यापुऱ्या अर्जुनानं स्वतःला घेतलेलं नाव. महाभारतकारांना विनोद कळत नव्हता असं कोण म्हणतं.

दुसरं, उर्वशीनं शाप दिला म्हणून अर्जुन षंढ झाला, हे आपण लहानपणापासून ऐकतो. ती उर्वशीची कथा चिकित्सक आवृत्तीच्या मूळ पाठात नाही, परिशिष्टात गेली आहे. विराटपर्वात अर्जुन भावाला आपण होऊन सांगतो, 'षण्ढकोऽस्मि' अशी प्रतिज्ञा करीन, कानांत कुंडलं घालीन, वेणी घालीन, हातांवरचे धनुष्याच्या दोरीचे घट्टे लपवायला बांगड्या भरीन. ते घट्टे मला फार आवडतात. नाव बदललं, वेष बदलला, आवाज बदलला असेल, पण मनगटावरचा धंदा लपवता लपत नाही.

आणि विराटाच्या दरबारात तो स्वतःची ओळख कशी करून देतो?

बृहन्नडां वै नरदेव विद्धि मां
सुतं सुतां वा पितृमातृवर्जिताम् ।

"राजा, मला बृहन्नडा समज. मुलगा म्हण किंवा मुलगी म्हण, आईबाप नसलेली." *सुतं सुतां वा*. राजा यावर काय करतो? 'अपुंस्त्व' (पुरुषत्व नसणं) पक्कं आहे याची खात्री करून घेतो आणि मुलींच्या महालात पाठवतो. तिथं श्लोक संपतो 'उत्ससर्ज तम्' असा. *तम्*, पुल्लिंगी. तीन श्लोकांच्या आत बृहन्नडा स्त्रीलिंगी, मग मुलगा-किंवा-मुलगी, मग तो. भाचीच्या वहीत याहून काय वेगळं होतं?

वर्षाराणी | सोमवार, सकाळी ९:४१

@भांडारकर_रोडवरचा, त्यातलाच पुढचा प्रसंग, राजपुत्र उत्तराला सारथी हवा असतो तेव्हा बृहन्नडा मुद्दाम चिलखत उलटंपालटं घालते आणि मुली खो खो हसतात. आणि त्याची बहीण उत्तरा सांगते, येताना बाहुल्यांसाठी छान छान कापडं आण. कौरवांची वस्त्रं, बाहुल्यांना! हे वाचून मी वर्गात मोठ्यानं हसले होते आणि सरांनी उभं केलं होतं.

तर्ककर्कश | सोमवार, सकाळी १०:३०

पण ते *सोंग* होतं. अज्ञातवास. वर्ष संपलं, वेणी सुटली. सोंगावरून समाजाचं काय कळणार?

भांडारकर_रोडवरचा | सोमवार, सकाळी १०:५८

सोंग चालतं ते लोकांना ओळखीचं असतं म्हणून. धर्म द्यूत जाणणारा ब्राह्मण झाला, भीम आचारी, नकुल घोड्यांचा, सहदेव गुरांचा, द्रौपदी सैरंध्री. सगळ्या राजवाड्यात असणाऱ्या नोकऱ्या आहेत. बृहन्नडाही त्याच यादीत. कौटिल्याचं अर्थशास्त्र उघडा: राजा झोपून उठला की पहिल्या दालनात त्याच्याभोवती धनुष्यं घेतलेल्या *बायका* आणि दुसऱ्या दालनात झगा-पागोटं घातलेले वर्षवर, म्हणजे अंतःपुरातले षंढ सेवक. त्या धनुर्धारी बायकांबद्दल कुणी वेगळा धागा काढा राव.

आणि सोंगावरून आठवलं. वर्षभर हा माणूस मुलींना नाच शिकवतो. त्यानंतर थोड्याच काळात कुरुक्षेत्रावर धनुष्य खाली ठेवतो, तर कृष्ण काय म्हणतो? *क्लैब्यं मा स्म गमः पार्थ.* साऱ्या सैन्यात हे वाक्य ऐकवायला हाच सापडला! गीतेवरची प्रवचनं ऐकत मोठा झालो, पण एकाही बुवानं कधी इथं थांबून मिशीत हसलेलं पाहिलं नाही.

सुशीला_सातारा | सोमवार, सकाळी ११:०६

आईशप्पथ. हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

वैद्य_गुळवेल | सोमवार, दुपारी १:४५

वैद्यकाची बाजू थोडक्यात. चरकाच्या शारीरस्थानात, दुसऱ्या अध्यायात आठ प्रकार येतात: द्विरेता, पवनेंद्रिय, संस्कारवाही, नरषंढ, नारीषंढ, वक्री, ईर्ष्यारती, वातिक. सुश्रुतात पाच. यातले काही शरीररचनेचे, काही निव्वळ इच्छेचे, आज आपण एका टोपलीत टाकणार नाही असे. कारणं आईवडिलांच्या बीजात, गर्भाधानाच्या वेळच्या स्थितीत आणि पूर्वकर्मात शोधली आहेत. त्या विज्ञानाला आज काही अर्थ नाही, रुग्णाला मी हे सांगत नाही. पण सूर लक्षात घ्या: अध्याय 'असं का होतं' विचारतो, 'यांना काय शिक्षा' असं विचारत नाही.

मनूचाही एक श्लोक याच वळणाचा आहे (३.४९): पुरुषबीज जास्त तर मुलगा, स्त्रीबीज जास्त तर मुलगी, समसमान झालं तर 'अपुमान्' किंवा जुळं. तिसरं मूल हे विकृती नाही, तराजू मधे थांबल्याचा परिणाम!

ऍडव्होकेट_आवळा | सोमवार, दुपारी २:३०

डॉक्टर, मनूचा तिसरा अध्याय वाचून थांबलात. नववा वाचा. 'अनंशौ क्लीबपतितौ': क्लीब, पतित, जन्मांध, बहिरा यांना वडिलांच्या मालमत्तेत वाटा नाही. पुढच्या श्लोकात अन्नवस्त्र मात्र द्यायलाच हवं, न देणारा पतित. म्हणजे जेवायला घाला, सातबाऱ्यावर नाव नको. तराजू गर्भात मधे थांबला तर चालतो, वाटणीच्या वेळी नाही.

'क्लीब' म्हणजे नक्की कोण, यात टीकाकारांनी पानं भरली आहेत. कुठं नुसता मूल न होणारा पुरुष, कुठं तृतीया प्रकृती, कुठं भित्रा. शब्द सैल असला की कायदा ज्याला हवा त्याच्यावर पडतो.

कौटिल्याकडे एक वेगळी गोष्ट आहे. एखाद्याला काणा, लंगडा म्हणून हिणवलं आणि ते खरं असेल तर ३ पण (तेव्हाचं नाणं) दंड, खोटं असेल तर ६. कुष्ठ, वेड, क्लैब्य यांवरून खिजवलं तर मात्र खरं असो, खोटं असो, की उपरोधानं केलेली स्तुती असो, १२ पणांपासून पुढे. *उपरोधिक स्तुतीलाही दंड.* सिग्नलला गाडीच्या काचा वर करून आत खिदळणाऱ्यांकडून हा वसूल केला तर महापालिकेचं बजेट निघेल.

जुना_खोडसाळ | सोमवार, दुपारी २:४१

मी रविवारी तेच म्हणालो होतो. आमच्याकडे सगळं होतं. दंडसुद्धा.

प्रुफवाली | सोमवार, दुपारी ३:०५

@जुना_खोडसाळ, तुम्हाला १२ पण.

धम्मवाट | सोमवार, रात्री ८:२०

पालीतलं एक सांगतो. विनयपिटकात, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथात, पहिल्या पाराजिकाच्या (संघातून काढून टाकणाऱ्या दोषाच्या) प्रकरणात एक छोटा प्रसंग आहे. एका भिक्षूच्या ठिकाणी स्त्रीलिंग प्रकट झालं. भिक्षू बुद्धांकडे गेले, आता काय करायचं? उत्तर पूर्ण कारकुनी आहे आणि म्हणूनच मला ते थोर वाटतं. तोच उपाध्याय, तीच उपसंपदा (भिक्षूची पूर्ण दीक्षा), झालेले वर्षावास तेवढेच मोजायचे, आणि तिला भिक्षुणींत राहू द्यायचं. भिक्षूंना आणि भिक्षुणींना समान असलेले दोष भिक्षुणींसमोर निस्तरायचे. जे फक्त भिक्षूंना लागू होते, ते गेले. लगेच पुढं उलटा प्रसंग, भिक्षुणीचा भिक्षू झाला, त्यालाही हाच न्याय.

ना चमत्कार, ना शाप, ना मागच्या जन्माची गोष्ट. सर्व्हिस बुकात फक्त खातं बदललं, सीनियॉरिटी कायम.

पण त्याच विनयात महावग्गात 'पंडक' (षंढ) आणि उभयव्यंजनक (दोन्ही लिंगांची चिन्हं असलेले) यांना उपसंपदा द्यायची नाही, दिली असेल तर काढून घ्यायची, असा नियम आहे. एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर गेलेल्याला जागा आहे, मधे राहणाऱ्याला नाही. हे दोन्ही एकाच पुस्तकात आहे, आणि मला एक सांगून दुसरं झाकता येत नाही.

तात्पुरता_आयडी | सोमवार, रात्री ८:३३

भिक्षूंना २२७ नियम आणि भिक्षुणींना ३११ ना थेरवादात? म्हणजे खातं बदललं आणि कामही वाढलं. अगदी वास्तववादी.

पालघरकर | सोमवार, रात्री ९:१०

सोरेय्य नावाच्या श्रेष्ठीपुत्राची गोष्ट ऐकली होती, पुरुषाची बाई होते ती. तो आमच्या नालासोपाऱ्याचा का?

धम्मवाट | सोमवार, रात्री ९:३७

नाही हो. सोपारा म्हणजे शूर्पारक, अशोकाचा शिलालेख सापडला ते. सोरेय्य उत्तरेत, वेरंजाहून संकस्स, कनौजकडे जाणाऱ्या वाटेवर. गोष्ट धम्मपदाच्या अट्ठकथेत, म्हणजे टीकेत, आहे. सोरेय्य मित्राबरोबर गाडीतून नदीवर स्नानाला निघालेला, वाटेत महाकच्चायन थेर (ज्येष्ठ भिक्षू) चीवर सावरताना दिसतात. त्यांची सोन्यासारखी कांती बघून त्याच्या मनात येतं, 'हे माझी बायको असते तर, किंवा माझ्या बायकोचा रंग असा असता तर.' त्या क्षणी तोच बाई होतो. लाजून गाडीतून उतरतो (उतरते), तक्षशिलेला जाणाऱ्या तांड्याबरोबर चालू लागतो (लागते), तिथं एका श्रेष्ठीपुत्राशी लग्न, दोन मुलगे. सोरेय्यात बाप म्हणून दोन आधीचे होतेच. पुढं थेरांची क्षमा मागून पुन्हा पुरुष होतो आणि प्रव्रज्या घेतो. भिक्षू त्याला छळतात, 'तुझी माया कुठल्या पोरांवर जास्त?' तो म्हणतो, 'ज्यांची मी आई आहे त्यांच्यावर.' अर्हत झाल्यावर मात्र तोच म्हणतो, आता कुणावरच नाही.

(ते कंस बघा. मराठीत ही गोष्ट सांगताना दर क्रियापदाला ठेच लागते.)

भांडारकर_रोडवरचा | सोमवार, रात्री १०:०२

अनुशासनपर्वात हिची जुळी आहे. भंगास्वन राजाला इंद्र बाई करतो. पुरुष असताना १०० मुलगे, बाई झाल्यावर आणखी १००. इंद्रच त्यांच्यात भांडण लावून सगळे मारतो, मग प्रसन्न होऊन विचारतो, कुठले जिवंत करू? ती म्हणते, बाई असताना झालेले. आणि पुन्हा पुरुष करू का, तर म्हणते नको, आहे ते बरं आहे, बाईला सुख जास्त. भीष्म युधिष्ठिराला हे सांगतोय, शरपंजरी पडल्या पडल्या! ज्यानं शिखंडी आधी बाई होता म्हणून बाण सोडायचं नाकारलं, तोच.

बर्लिनची_बकुळ | सोमवार, रात्री ११:१५ (आमच्याकडे संध्याकाळ)

ग्रीकांच्या टायरेसियसलाही हेच विचारतात. तो सात वर्षं बाई होऊन परत आलेला. त्याचं उत्तर, दहा वाटे सुख असेल तर नऊ बाईचे. दोन ठिकाणी तोच प्रश्न. असो.

प्रुफवालीताईंच्या मुद्द्याशी जुळणारं लॅटिनमधलं एक. सिबलीदेवीचा पंथ रोममध्ये इ.स.पू. २०४ ला आणला. तिचे गल्ली म्हणजे स्वतःला खच्ची करून घेतलेले, बायकी कपडे घालणारे, डफ-झांजा वाजवत फिरणारे पुजारी. रोमनांना देवी हवी होती, पण आपल्या नागरिकानं गल्ली होणं त्यांना मंजूर नव्हतं. कातुल्लुसच्या ६३व्या कवितेत अत्तिस देवीच्या वेडात स्वतःला कापून घेतो, आणि त्या ओळीपाठोपाठ त्याची विशेषणं पुल्लिंगाची स्त्रीलिंगी होतात. कवी सांगत काही नाही, शेवटचं अक्षर बदलतो फक्त. वर्गात वाचताना अंगावर काटा आला होता.

(यल्लम्माचे जोगते आठवले का? मलाही. पण त्यावर लिहायला इथं जास्त जाणकार आहेत.)

बाबूराव_बेळगावी | मंगळवार, सकाळी ८:०५

बालगंधर्वांचा उल्लेख अजून कसा नाही? भ्रूकुंस म्हणजे दुसरं काय! बायका त्यांच्यासारखी साडी नेसायला शिकल्या.

वारी_चुकली_नाही | मंगळवार, सकाळी ८:२२

आणि माउली? ज्ञानोबा पुरुष, नाव माउली. वारीत तर बाप्या असो की बाई, पाय लागला की "माउली, माउली". विराण्या वाचा, बोलणारी बाई, लिहिणारे ज्ञानेश्वर.

प्रुफवाली | मंगळवार, सकाळी ९:००

दोन्ही मुद्दे मोलाचे, पण प्राचीनाबाहेरचे. विराण्यांवर नवा धागा काढा, मी पहिली येईन. कोनाड्यातली अर्धनारीनटेश्वराची मूर्ती आणि घारापुरीचं लेणं कुणी काढायच्या आत तेही सांगते: देवाला अर्धं बाई असायला समाजाची परवानगी लागत नाही. माणसाला लागते. मला माणसाचं वाचायचंय.

संस्कृतीरक्षक_७ | मंगळवार, सकाळी ११:४०

पाश्चात्त्य फॅड आपल्या ग्रंथांत घुसवण्याचा प्रकार. त्या पोराला भारतात दोन महिने ठेवा, सरळ होईल.

ऍडव्होकेट_आवळा | मंगळवार, सकाळी ११:५२

भारतात ठेवायचं म्हणता? २०१४ च्या नालसा निकालात सर्वोच्च न्यायालयानं 'तृतीय प्रकृती' आणि 'नपुंसक' या जुन्या कल्पनांचा नावानिशी उल्लेख करून तृतीयपंथीयांना हक्क दिले आहेत. फॅड कुणाचं ते न्यायमूर्तींना विचारा.

मला स्वतःला तो आधार थोडा खटकतो. उद्या कुणी मनूचा ९.२०१ काढून दाखवला तर? हक्क जुन्या पोथीत सापडो न सापडो, मिळायला हवा.

संपादक_मंडळ | मंगळवार, दुपारी १२:१०

वरच्या एका प्रतिसादातली पुढची दोन वाक्यं उडवली आहेत. विषयाला धरून बोलावे.

तर्ककर्कश | मंगळवार, रात्री ९:२५

कालपासून डोक्यात आहे म्हणून लिहितो. जैनांकडे मला हवा तो भेद स्वच्छ मांडलेला सापडला. द्रव्यवेद म्हणजे शरीराचं लिंग आणि भाववेद म्हणजे आतली ओढ. वेद (इथं ग्रंथ नव्हे, लिंग) तीन, स्त्री, पुरुष, नपुंसक, आणि द्रव्य एक, भाव दुसरा असं होऊ शकतं. दहाव्या शतकातल्या गोम्मटसारात उपमा आहेत: पुरुषाची ओढ गवताच्या आगीसारखी, बाईची गोवऱ्यांच्या, नपुंसकाची विटांच्या भट्टीसारखी. तिसऱ्याची ओढ त्यांनी दोघांपेक्षा *जास्त* धरली आहे, शून्य नाही. म्हणजे 'नपुंसक' म्हणजे 'काही नसलेला' हा अर्थ निदान इथं लागू नाही.

पतंजलीबाबत माझं म्हणणं कायम. पण 'शरीर एक, आत दुसरं' ही कल्पना पश्चिमेकडून आली, असं मी आजवर म्हणत होतो. ते आता म्हणणार नाही.

निवांत_नागपूरकर | मंगळवार, रात्री ९:३०

तर्ककर्कश यांनी मत बदललं. स्क्रीनशॉट काढून ठेवला.

प्रुफवाली | पुढचा सोमवार, सकाळी ७:१५

ज्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून 'भाचीचं काय झालं' विचारलं त्यांच्यासाठी.

भाचीनं तुमचे सगळे प्रतिसाद वाचून काढले (मालवणीसाठी फोन करावा लागला). मग तिनं मला सुचलं नव्हतं ते केलं, त्या मुलालाच विचारलं. मराठीत 'ते' आहे, पण टेबललाही तेच लागतं, चालेल का? ते म्हणालं, कुत्र्याच्या पिल्लाला काय म्हणतात? भाची म्हणाली, तेच, 'ते'. बाळाला? 'ते'. मग चालेल, म्हणालं. आणि 'ता इला' त्याला भलतंच आवडलंय. दोघं शाळेच्या बसमध्ये एकमेकांना 'ता इला' म्हणून ओरडतात.

वही परत आली. लाल रेघ आहे तशीच आहे. खाली बाईंनी पेन्सिलीनं लिहिलंय, "बृहन्नडेबद्दल पुढच्या रविवारी वर्गात सांगशील का?" भाचीनं चिलखत उलटं घालायचा सराव सुरू केलाय. चिलखत म्हणजे बाबांचं लाइफ जॅकेट.

मालवणी_खाजा | सोमवार, सकाळी ७:४०

ता आता मालवणचाच झाला. मे महिन्यात घेवन येवा, आंबे असतत.

पालघरकर | सोमवार, सकाळी १०:२०

अभ्यंकरांच्या भाषांतराचा तो खंड जुन्या बाजारात मिळेल का? 'स्त्रियाम्' सूत्राची पानं तरी कुणी फोटो काढून देईल?

प्रुफवाली | सोमवार, सकाळी १०:४५

@पालघरकर, व्यनि केला आहे. वाळवीनं खाल्लेली अक्षरं अंदाजानं भरावी लागतील.